चँडलर की क्वीन क्रीक? आणि आईची पूर्वाभिमुख घराची अट (फिनिक्स परिसर, अ‍ॅरिझोना)

एडिसनकर

नमस्कार मंडळी. बायकोला चँडलरमधल्या एका चिप कंपनीत नोकरी लागली आहे, मी घरूनच काम करतो. लेक दुसरीत. न्यू जर्सीचा बाडबिस्तरा गुंडाळून आम्ही वाळवंटात येतोय. भाड्याने बरीच वर्षं काढली, आता घर घ्यायचंच असं ठरलंय.

दोन घरांवर गाडी अडलीय.

पहिलं चँडलरमध्ये, ऑफिसपासून जवळ. १९९८ सालचं, १९०० चौरस फूट, मागे छोटा स्विमिंग पूल, घराचं तोंड उत्तरेला. मागताहेत पावणेसहा लाख डॉलर.

दुसरं क्वीन क्रीकला, कोरं करकरीत. २६०० चौरस फूट, सहा लाख दहा हजार. बिल्डर त्याच्याच बँकेकडून कर्ज घेतलं तर बाजारभावापेक्षा दीड टक्का कमी व्याज देतोय. घर पूर्वाभिमुख. मागच्या दाराला पंधरा फुटी सरकती काच, तिथे उभं राहिलं की सॅन टॅनचे डोंगर दिसतात. बायको त्या काचेच्या प्रेमात आहे.

आईबाबा साताऱ्याहून दरवर्षी काही महिने येतील. आईची एकच अट, दार पूर्वेला हवं. बाबांनी पेपरात वाचलंय की फिनिक्सचं पाणी संपत आलंय, ते म्हणतात घरच घेऊ नका. तिथे राहणाऱ्यांनी कृपया लिहावं. उन्हाळ्याबद्दल माहीत आहे, सातारकर आहोत, ऊन पाहिलंय.

चिवडा_पोहे

'ऊन पाहिलंय' हे वाक्य जपून ठेवा. पहिल्या जुलैत परत वाचू. :)

क्वीन क्रीक छान आहे पण लांब आहे. मोठं घर, चांगल्या शाळा, मागे डोंगर, आणि वाण्याकडे जायला अर्धा तास. भारतीय दुकानं बहुतेक चँडलरकडेच.

निवडुंग

एडिसनकर, मी गिल्बर्टला राहते, म्हणजे तुमच्या दोन्ही घरांच्या मधोमध. जरा लांबण लागेल.

आधी दिशा, कारण आईंची अट वाटते त्यापेक्षा महाग आहे. दार पूर्वेला म्हणजे परस पश्चिमेला. इथली घरं पुढून बंद असतात, गॅरेजचं दार आणि एखादी खिडकी. सगळी काच, स्वयंपाकघर, बसायची खोली, ओसरी हे मागे. जूनमध्ये इथे सूर्य पावणेआठला मावळतो आणि मावळतो तो वायव्येकडे. तुमच्या बायकोला आवडलेल्या त्या पंधरा फुटी काचेवर दुपारी दोनपासून पावणेआठपर्यंत थेट ऊन येणार. त्याच वेळात विजेचा दर सगळ्यात चढा असतो. वेळेनुसार दराचा प्लॅन घेतलात तर दुपार-संध्याकाळचे ते काही तास घर आधी गार करून ठेवायचं आणि मग एसी शक्यतो चालू द्यायचा नाही, असा इथला रिवाज आहे. पश्चिमेची काच असेल तर हा रिवाज पाळता येत नाही. पडदे, बाहेरून सनस्क्रीन, झाडं, सगळं करता येतं. मग डोंगर दिसत नाहीत, एवढंच.

इथल्या जाहिराती नीट वाचा. घर उत्तर-दक्षिण असलं की 'नॉर्थ-साउथ एक्स्पोजर' हे पहिल्या दोन ओळींत येतं. परस पश्चिमेला असला की एजंट सूर्यास्ताचा फोटो लावतो. फोटो बहुधा जानेवारीतला.

तुमचं चँडलरचं घर उत्तराभिमुख आहे, म्हणजे परस दक्षिणेला. ही इथली उत्तम दिशा. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावरून जातो, ओसरीच्या छपराची सावली काचेवर पडते. हिवाळ्यात तो खाली उतरतो आणि ऊन आत येतं, तेव्हा ते हवंच असतं. आईंना सांगा, उत्तर ही कुबेराची दिशा. वास्तुशास्त्रात तीही शुभच आहे आणि इथे कुबेर विजेच्या बिलातून दर महिन्याला प्रचिती देतो. माझ्या सासूबाईंना हे पटलं होतं, आणि त्या सहजासहजी पटणाऱ्यांतल्या नाहीत.

आता बाबांचं पाणी. त्यांची शंका रास्त आहे, पण फिनिक्स म्हणजे एक गाव नव्हे. इथे १९८० पासून भूजलाचा कायदा आहे. फिनिक्स परिसरात नवी वसाहत पाडायची तर पुढची १०० वर्षं पुरेल एवढं पाणी हाताशी आहे हे आधी दाखवावं लागतं. ज्या शहरांकडे स्वतःचं खात्रीचं पाणी आहे (चँडलर, गिल्बर्ट, मेसा, टेम्पी वगैरे), तिथे बिल्डरला वेगळा दाखला काढावा लागत नाही. चँडलरकडे सॉल्ट आणि व्हर्डी नद्यांचं धरणाचं पाणी आहे, कालव्यातून येणारं कोलोरॅडोचं आहे, विहिरी आहेत, आणि शुद्ध केलेलं सांडपाणी ते जमिनीत मुरवतात. व्हेटरन्स ओएसिस पार्कमधली तळी ही त्याच मुरवण्याची. बाबांना तिथे फिरायला न्या. बगळे बघतील आणि पाण्याची शंकाही थोडी मुरेल.

जून २०२३ मध्ये राज्याने जाहीर केलं की या पट्ट्यातलं भूजल १०० वर्षांच्या हिशेबात साधारण ४ टक्के कमी पडतंय, म्हणून केवळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना दाखले मिळणार नाहीत. बाबांनी वाचली ती बातमी हीच असणार. फटका बसला तो कडेच्या गावांना, पश्चिमेला बकाय आणि पूर्वेला क्वीन क्रीक. ज्यांचे दाखले आधीच झाले होते त्या वसाहतींचं बांधकाम चालूच राहिलं. क्वीन क्रीकने पार कोलोरॅडो नदीकाठच्या सिबोलातल्या शेतीचं पाणी विकत घेतलं, त्यावर कोर्टकचेऱ्याही झाल्या. २०२५ मध्ये शेतजमिनीचं पाणी घरांकडे वळवायचा नवा कायदा आला, कारण कापूस आणि घोडेघास जेवढं पितात त्याहून घरं बरंच कमी पितात. तेव्हा तुमच्या नव्या घराचा नळ उद्या कोरडा पडणार नाही. पण कोलोरॅडोच्या वाटपाचे २००७ चे नियम २०२६ च्या अखेरीस संपताहेत आणि सात राज्यांची भांडणं चालू आहेत. पाणी महागलं तर कडेचं गाव आधी मोजणार.

खरी टँकरची गोष्ट हवी असेल तर रिओ व्हर्डी फूटहिल्सची घ्या. पाच किंवा कमी तुकडे पाडले तर १०० वर्षांचा नियम लागू होत नाही, या फटीतून तिथे घरं उभी राहिली. शेजारच्या स्कॉट्सडेलचं पाणी टँकरने यायचं. १ जानेवारी २०२३ ला स्कॉट्सडेलने ते बंद केलं. मोठमोठ्या बंगल्यांतली माणसं कागदी ताटल्यांत जेवायला लागली. हे वाचताना मला आमचं माण-खटाव आठवलं, फक्त इथे टँकरमागे हंडे घेऊन कोणी धावत नव्हतं.

वऱ्हाडी_पाहुणा

उन्हाबद्दल मी लिहितो, कारण मी अकोल्याचा. दिवसाचा आकडा मला नवा नव्हता. ११० फॅरनहाइट म्हणजे ४३, हे तर आमच्याकडे एप्रिलातच होते. पण अकोल्याले मे संपला की ढग येतात, मृगात पाऊस पडला की सुटका. इथे २०२३ मध्ये सलग ३१ दिवस ११० किंवा त्याहून जास्त होतं आणि त्यातल्या एका रात्री किमान तापमान ९७, म्हणजे ३६ सेल्सिअस. रात्री! गच्चीवर पाणी मारून झोपायची आपली सगळी विद्या इथे फुकट. वर्षभरात इथल्या मारिकोपा काउंटीत उष्णतेनं सहाशेच्या वर माणसं गेली, त्यात घरात एसी बंद पडलेले म्हातारेही होते.

म्हणून घर बघताना स्वयंपाकघराचा ओटा नंतर बघा, एसीचं वय आधी बघा. बाहेरच्या युनिटवर पाटी असते, त्यावर साल असतं. इथे दहा-पंधरा वर्षांत एसी दम टाकतो. आणि तो टाकतो जुलैच्या शनिवारीच.

घरटं_डॉट_हिशेब

निवडुंगताईंचं दिशेबद्दलचं अगदी मान्य, पण नव्या घराला उगाच बदनाम करू नये. दीड टक्का कमी व्याज म्हणजे पाच लाखांच्या कर्जावर महिन्याला पाचशे डॉलरच्या आसपास फरक पडतो. नव्या घराला इन्सुलेशन चांगलं असतं, दुहेरी काच, नवा एसी, वॉरंटी. १९९८ च्या घराला छप्पर, एसी, पूलचा पंप, सगळं ओळीने उभं राहील. मी स्वतः क्वीन क्रीकला नवं घेतलं, खूश आहे. मुलं सायकलवर शाळेत जातात, मे महिन्यात पीच तोडायला जातो, शेजारी चांगले आहेत. आणि पश्चिमेचा सूर्यास्त मला तरी आवडतो.

निवडुंग

हिशेब, तुमचं पाचशे डॉलरचं गणित बरोबर आहे, म्हणून त्यावरच बोलते.

एडिसनकर, पहिला प्रश्न विचारा की हा कमी दर तीसही वर्षांचा आहे की पहिली दोन वर्षं. 'टू-वन बायडाउन' असेल तर पहिल्या वर्षी दोन टक्के कमी, दुसऱ्या वर्षी एक टक्का, तिसऱ्या वर्षापासून पूर्ण दर. विक्री कार्यालयातली मुलगी हे सांगते, पण कुकीचा डबा पुढे करत सांगते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बिल्डर तुम्हाला घर विकून थांबत नाही. तो पुढच्या टप्प्यात, दोन गल्ल्या सोडून, तसंच घर अजून काही वर्षं विकत राहतो. समजा तीन वर्षांनी तुमच्या बायकोची नोकरी बदलली (चिप कंपन्यांत गेल्या दोन-तीन वर्षांत किती कपात झाली ते तुम्हाला सांगायला नको) आणि घर विकायला काढलं. तुमचं गिऱ्हाईक तुमच्या घरी येण्याआधी बिल्डरच्या नमुना घरात जाणार. त्याच्याकडे कोरं घर आणि कमी व्याज, तुमच्याकडे वापरलेलं घर आणि बाजारभावाचं व्याज. मग किंमत तुम्हीच कमी करणार. चँडलरच्या त्या भागात मोकळी जमीनच उरलेली नाही, त्यामुळे तिथे हा शेजारी नाही.

आम्ही गिल्बर्टचं घर २०११ मध्ये घेतलं. २००६ च्या शिखरापासून तोवर इथल्या किमती निम्म्याहून जास्त पडल्या होत्या. आमच्या गल्लीत एकाआड एक घर रिकामं, पूलचं पाणी हिरवं, आणि काउंटीची माणसं डासांचे मासे सोडायला येत. आम्ही हुशार नव्हतो, नेमके तेव्हा आलो होतो इतकंच. पण एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त पडली ती कडेची गावं. मारिकोपा नावाचं गाव, क्वीन क्रीकच्या पलीकडचा पिनाल काउंटीचा भाग. लोक 'परवडेल तिथवर गाडी चालवा' असं म्हणत तिकडे गेले होते. २०२१ मध्ये पुन्हा तेच बघितलं, न बघता घरावर बोली लावणारी मंडळी. मग २०२२ मध्ये व्याज सातवर गेलं आणि एकदम सामसूम. आता घरं बाजारात पडून आहेत, भाव उतरवले जाताहेत. तुम्ही घेणाऱ्याच्या बाजूला आहात, घाई तुम्ही करायची नाही.

नव्या घराचा कर हाही फसवा असतो. पहिल्या वर्षीचं बिल बहुधा मोकळ्या जमिनीचं येतं. घर धरून खरं बिल आलं की बँक मासिक हप्ता वाढवते आणि लोक मला फोन करतात. तसा इथला घरकर न्यू जर्सीच्या मानाने काहीच नाही, तुम्हाला हसू येईल. पण त्या वसाहतीला सीएफडी आहे का ते विचारा. रस्ते-गटारांसाठी काढलेलं कर्ज करातून फेडायचं असतं, आणि ते एचओएच्या (वसाहतीच्या रहिवासी संघाच्या) महिन्याच्या वर्गणीहून वेगळं.

आणि नव्या वसाहतीसाठी राज्याचा 'पब्लिक रिपोर्ट' असतो. तो बिल्डरने द्यायलाच लागतो, आणि सही घेतात म्हणजे सगळे न वाचता सही करतात. वाचा. पाणी कुठून, शेजारी काय येणार, मेसा गेटवे विमानतळाची विमानं डोक्यावरून जातात का, सगळं त्यात असतं. भोवती अजून जमीन सपाट करायचं काम चालू असेल तर धूळ धरा. इथल्या मातीत एक बुरशी असते, तिच्यामुळे 'व्हॅली फीव्हर' होतो. बहुतेकांना काहीच होत नाही किंवा नुसता सर्दी-खोकला होऊन जातो, पण मधुमेही किंवा वयस्क माणसाला जड जाऊ शकतो. आईबाबांपैकी कोणाला साखर असेल तर खोकला लांबला की डॉक्टरला 'व्हॅली फीव्हरची तपासणी करा' असं स्वतःहून सांगा. साताऱ्याला परत गेल्यावर खोकला सुरू झाला तर तिथल्या डॉक्टरांना तर नक्कीच, त्यांच्या डोक्यात टीबी येईल.

चिवडा म्हणाले ते अंतर. क्वीन क्रीकहून रिग्ज रोडने यायचं म्हणजे सिग्नल मोजत यायचं. तुम्ही घरून काम करणार, गाडी बायको चालवणार, तेव्हा या प्रश्नावर मत तिचं धरा.

चिवडा_पोहे

निवडुंगताईंना एक चांगलं सांगायची सवय नाही. मी सांगतो. नोव्हेंबर ते मार्च इथे स्वर्ग आहे. शेवगा एका वर्षात छपराला लागतो, मोगरा वेडा होऊन फुलतो, कढीपत्ता नुसता थंडीत झाकायचा. मे महिन्यात आई कुरडया घालते, सकाळी घातल्या की दुपारी डब्यात. घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, भारताशी बारा महिने साडेबारा तासांचा फरक. रात्रीचे साडेआठ वाजले की साताऱ्यात सकाळचे नऊ. हिशेब सोपा. गणपतीला मारिकोपातलं महागणपती मंदिर आहे.

विंचवांचं कोणी लिहिलं नाही? काळ्या उजेडाची (अल्ट्राव्हायोलेट) बॅटरी घ्या, रात्री कुंपणाच्या भिंतीवर मारा, हिरवे चमकतात. घर घ्यायच्या आधी मारा.

एडिसनकर

बापरे. सगळ्यांचे आभार. काल बायकोने ही चर्चा वाचली आणि मग दुपारी चार वाजता एकटीच क्वीन क्रीकच्या घरात जाऊन त्या काचेपाशी उभी राहिली. दहा मिनिटांत बाहेर आली. आईला कुबेर पटला, फक्त 'तुळस कुठे ठेवणार ते सांग' म्हणाली.

तर आम्ही चँडलरच्या घरावर ऑफर दिली, पाच लाख साठ हजारांवर जमलं. आता तपासणीचे दहा दिवस सुरू झालेत. छप्पर कौलारू आहे, कौलं ठणठणीत दिसतात. मालक म्हणतो कौलं पन्नास वर्षं टिकतात. छतावर सोलर आहे, तो भाड्याचा आहे. आणि गॅरेजच्या फरशीवर 'कापू नका, भोक पाडू नका' असा शिक्का आहे, तो काय प्रकार?

निवडुंग

अभिनंदन. मालक खरं बोलतोय, कौलं टिकतात. पण पाणी कौलं अडवत नाहीत, त्यांच्याखालचा कागद अडवतो, आणि तो इथल्या उन्हात वीस-पंचवीस वर्षांत बिस्किटासारखा होतो. १९९८ चा मूळ कागद असेल तर त्याची वेळ झाली. कौलं उतरवायची, कागद बदलायचा, तीच कौलं परत लावायची, असं काम असतं. आम्हाला तेवढ्याच घराला पंधरा हजारांच्या वर पडलं. साधा तपासनीस शिडीवरून बघून येतो, तेव्हा छपरवाला वेगळा बोलवा आणि त्याच्याकडून लेखी अंदाज घ्या.

भाड्याचा सोलर म्हणजे मालकाचा करार तुमच्या गळ्यात. किती वर्षं उरली, दर साल हप्ता किती वाढतो, आणि छप्पर उघडायचं झालं तर पॅनेल काढायचा-लावायचा खर्च कोणाचा, ही तिन्ही उत्तरं कागदावर मागा. छप्पर आणि सोलर एकत्र आले की खर्च दुप्पट दिसतो, तिथेच मालक किमतीवर बोलायला तयार होईल.

शिक्का घाबरण्यासारखा नाही. फरशीच्या पोटात ताणलेल्या पोलादी तारा आहेत, पोस्ट-टेन्शन. बाथरूमची जागा हलवायची हौस मात्र सोडून द्या. वाळवीचा अहवाल वेगळा घ्या, तोही साध्या तपासणीत नसतो. विक्रेत्याने भरलेला दोषांचा फॉर्म आणि विम्याच्या जुन्या दाव्यांची यादी एजंटकडून मागवा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

जे काही मागायचं ते बिन्सरवर (तपासणीनंतर मालकाला मागण्या कळवायचा फॉर्म) एकदाच मागता येतं. दुरुस्ती मागू नका, मालक स्वस्तातला माणूस आणतो. पैसे मागा.

तुळस पूर्वेच्या भिंतीला, सकाळचं ऊन मिळेल अशी. जून ते सप्टेंबर वर सावलीचं जाळं. आणि आईबाबांचं तिकीट नोव्हेंबरचं काढा, ऑगस्टचं स्वस्त मिळतंय म्हणून काढू नका.

वऱ्हाडी_पाहुणा

एसीच्या पाटीवर साल काय आहे ते लिहिलंच नाही तुम्ही.

एडिसनकर

२००९.

वऱ्हाडी_पाहुणा

मंग बिन्सरमध्ये तेही टाका.